बदली प्रवासी

माझ्या थोरल्या बहिणीला पाऊस न पडणारा मुलूख एकदा डोळ्यांनी पाहायचा होता. आम्ही तिला आक्का म्हणतो. ती पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या पठारावर राहते. पावसाळ्यात तिथे माणूस घरात राहत नाही, ढगात राहतो. चुलीवर दोरी बांधून कपडे वाळवायचे, आणि तरी अंगात घातले की धूर आणि ओल दोन्ही एकदमच जाणवतात. अशा ठिकाणी सारा संसार काढलेल्या बाईने सत्तरी जवळ आल्यावर मला विचारले, "बाय गो, जिथं नुसती वाळू हाय, कोरडी खडखडीत, पायाला चिखल म्हणून लागत नाय, तसा मुलूख आपल्या देशात हाय ना? तू शाळेत शिकवायचीस ना गो पोरांना?"

शिकवत होते. नकाशावर बोट ठेवून वर्षानुवर्षे शिकवले होते, स्वतः मात्र पाहिले नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी निवृत्त झाले त्यालाही आता बराच काळ लोटला आहे. महाडला एकटीच राहते. आम्ही दोघींनी राजस्थानला जायचे ठरवले.

महाडच्या एस.टी. स्थानकाजवळ एक सहलवाला आहे. स्वतःची बस, सोबत स्वतःचा आचारी, जेवण आपल्या पद्धतीचे, असा त्याचा लौकिक. आक्काने दोन शेळ्या विकल्या आणि अनामत रक्कम स्वतःच्या हाताने त्याच्या काचेच्या टेबलावर ठेवली. मला भरू दिली नाही. त्याने बसमधल्या आसनांचा आराखडा पुढे सरकवला. आक्काला वाचता येते, पण सावकाश. तिने तो कागद बराच वेळ न्याहाळला, पुढून तिसऱ्या रांगेतल्या खिडकीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "ही माझी." त्याने तिथे तिचे नाव घातले, शेजारच्या आसनावर माझे. बाहेर पडल्यावर तिने बाजारातून कॅनव्हासचे बूट घेतले, आयुष्यातले पहिले. वाळू फार तापते असे तिला कोणीतरी सांगितले होते.

सहलीला महिनाही उरला नव्हता तेव्हा ती माळ्यावरून भात काढून शिडीने उतरताना पडली. खुब्याचे हाड मोडले. शेजाऱ्यांनी जीपमध्ये आडवी घालून तिला घाट उतरवून महाडला आणले, शस्त्रक्रिया झाली, आणि रुग्णालयातून ती थेट माझ्या घरी आली. हाड जुळून येईल, पण त्याला वेळ लागेल, तोवर प्रवासाचे नाव काढू नका, असे डॉक्टरांनी सांगितले.

हे मी लिहीत आहे ते अपघाताबद्दल नव्हे. अपघात कोणालाही होतो. त्यानंतर जे पाहिले ते लिहून काढल्याशिवाय तोंडाची कडवट चव जाणार नाही, म्हणून लिहीत आहे.

प्रथम मी सहलवाल्याकडे गेले. तो माझा विद्यार्थी नाही, हे एक समाधान. त्याच्या टेबलावर गिऱ्हाइकांसाठी बडीशेपेची डबी असते. आक्काच्या पायाची हकिगत मी सांगत होते तेव्हा त्याची दोन बोटे त्या डबीत फिरत होती.

"फार वाईट झालं, बाई," तो म्हणाला. "पण आता रद्द केलं तर अनामत परत नाय मिळायची. नियम सगळ्यांना सेम."

"परत न मिळणाऱ्या रकमेला अनामत म्हणत नाहीत," मी म्हटले. "अनामत म्हणजे सांभाळायला दिलेली ठेव. ती मागताक्षणी परत करायची असते. तुम्ही घेतलात तो विसार. व्यवहार पक्का करण्यासाठी देतात, आणि देणाऱ्याने माघार घेतली तर तो बुडतो."

"पावतीवर तो शब्द छापखानेवाल्यानं टाकला, बाई. मला तर दोन्ही सारखेच." त्याने बडीशेप तोंडात टाकली. "पण मी काय म्हणतो, सीट वाया कशाला घालवायची? बदली प्रवासी द्या ना. नाव बदलून देतो, वरती एक पैसा घेत नाय. घरात सतरा माणसं असतील जायला तयार."

बदली प्रवासी. हा शब्द त्याने सहज उच्चारला. मला तो दुकानातून घरी येईपर्यंत सोडेना. आमच्या खात्यात बदलीचे दोन अर्थ. पहिला सर्वांना माहीत आहे: पाचाडहून शिवथरला, शिवथरहून आणखी कुठे, बिऱ्हाड पाठीवर घेऊन जाणे. तो अर्थ कष्टाचा असला तरी मानाचा आहे, कारण जाल तिथे तुम्ही तुमच्याच नावाने जाता. दुसरा अर्थ बदली शिक्षिकेचा. कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेली की तिच्या खुर्चीवर तात्पुरती बसवलेली बाई. हजेरीपट मूळ बाईंच्या नावाचा, मुले हिला म्हणतात "त्या नव्या बाई", फळ्याच्या कोपऱ्यात वर्गशिक्षिका म्हणून लिहिलेले नावही दुसरीचेच. मूळ बाई आल्या की हिने न सांगता उठायचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अशी बदली शिक्षिका होते. खुर्ची तीच असते, लाकूड तेच असते. तरी तिच्यावर बसताना पाठ पूर्ण टेकवली जात नाही. ज्यांनी हे केले आहे त्यांना मी काय म्हणते ते समजेल.

घरी येऊन मी आक्काला सर्व जसेच्या तसे सांगितले. ती छताकडे पाहत होती. "बघू," एवढेच म्हणाली. आमच्याकडे 'बघू' म्हणजे बहुधा नकार असतो, पण नकार आहे असे समोरच्याने आपणहून ओळखायचे असते. मी ओळखले. इतरांनी ओळखले नाही, किंवा ओळखायचे नाकारले.

कारण तोवर बातमी पसरली होती. ती मी पसरवली नव्हती. सहलवाल्यानेच कोणाला तरी सांगितले असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आमची वहिनी दारात उभी होती. ती आमच्या धाकट्या भावाची बायको. महाडलाच, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर राहते. आक्का रुग्णालयात होती तेव्हा तिला यायला जमले नव्हते, गुडघे दुखत होते. आता तिच्या हातात शहाळे होते.

"आक्का, कशा आहात?" असे विचारून ती उत्तराआधीच खाटेच्या कडेला बसली. खाट हलली. आक्काने ओठ आवळले. "वन्सं म्हणाल्या नाहीत मला काही, पण ऐकलं मी. सीट फुकट जाते म्हणे? अहो, फुकट कशाला घालवायची? तुमचं मन कळतं हो मला. तुम्ही जाणार नाही, त्याचं दुःख आहेच. पण घरातलंच कोणी गेलं तर तुम्हीच गेल्यासारखं नाही का?"

"तुमचे गुडघे?" मी विचारले.

"बसायचंच तर आहे बसमध्ये, वन्सं," ती म्हणाली. "गुडघे काय, उभ्याचेच दुखतात."

मग तिने तिकडे थंडी किती असते, स्वेटर लागेल का, आक्कांनी स्वेटर घेतला आहे का, घेतला असल्यास कोणत्या मापाचा, ही चौकशी केली. शहाळे तिने फोडू दिले नाही. "राहू दे, सावकाश प्या," म्हणाली. पण चहा घेतला, दुसरा कप स्वतःहून मागितला.

दोन दिवसांनी आक्काची सून आली. सून आणि तिचा नवरा पूर्वी मुंबईला असत. आता सून कुडपणला आणि नवरा मुंबईत, असे चालले आहे. तिला सासूची काळजी नव्हती असे मी म्हणणार नाही. तिने आल्या आल्या आक्काचे केस विंचरले, पाय पुसले, चादर बदलली. हे करताना ती बोलत होती, आणि बोलण्यात 'एंजॉय' हा शब्द वारंवार येत होता.

"आई, तुमी टेन्शन घेऊ नका. मी जाते, सगळं बघून येते, मोबाईलमध्ये व्हिडिओ काढून आणते. तुमी हितंच खाटेवर एंजॉय करायचं. आनि मला पन जरा चेंज होईल."

"आणि इथे आक्काजवळ कोण?" मी म्हटले. "मीही त्याच बसने जाणार होते. मी राहते, मग तू कोणाबरोबर जाणार?"

"मावशी, तुमी हितं थांबा ना. मग दोन सीट होतील. मी माझ्या बहिनीला घेते."

तिने हे निरागसपणे म्हटले. त्यामुळेच अधिक वाईट वाटले. तेवढ्यात वहिनी आली; या वेळी हातात काही नव्हते. दोघींनी एकमेकींना पाहिले आणि दोघीही एकाच वेळी हसल्या. ते हसू मला अजून आठवते. एस.टी.त खिडकीतून एकाच बाकावर रुमाल टाकलेले दोन प्रवासी आत आल्यावर एकमेकांकडे पाहून हसतात, तसे.

"काय गो, तू पण आलीस सीटसाठी?" वहिनी म्हणाली.

"मी आईसाठी आलेय, मामी. सीटचं नंतर."

"नंतर म्हणजे कधी? बस सुटल्यावर?"

"तुमचे तर गुडगे हायत ना?"

"गुडघे आहेत म्हणूनच बसून जाते. तुझं वय पायी जायचं आहे, जा की रायगड चढून ये."

हे सर्व खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून चालले होते आणि मध्ये आक्का आडवी होती. दोघी तिच्याशी बोलत नव्हत्या, तिच्या अंगावरून बोलत होत्या. शब्दयोगी अव्ययांचा एवढा अचूक पाठ मी वर्गात कधी देऊ शकले नव्हते.

मी पाणी आणायला आत गेले. माजघरात, जिथे आक्काने नोंदणीच्या दिवशीच माझ्याकडे ठेवलेली सहलीची पिशवी भिंतीशी होती, तिथे सून माझ्यामागून आली होती ते माझ्या लक्षात आले नाही. तांब्या भरून वळले तर ती पिशवीशेजारी बसलेली. पिशवीतून आक्काचे कॅनव्हासचे बूट काढून तिने एक पायात चढवला होता आणि पंजा वरखाली करून पाहत होती.

"मापात बसतात, मावशी," ती म्हणाली. "एवढा इथं अंगठ्याला घट्ट हाय. पन सैल होईल घालून घालून."

त्या क्षणी मला जे वाटले त्याला मी बराच वेळ राग समजत होते. नंतर विचार केला. राग आणि किळस यांत फरक आहे, आणि तो आपण मुलांना शिकवायला हवा. राग आला की माणूस पुढे जातो. समोरच्याकडून काहीतरी वेगळे घडेल अशी त्याला अजून अपेक्षा असते. किळस आली की माणूस हात मागे घेतो. मी तांब्या धरलेला हात मागे घेतला होता. सुनेच्या पायातला तो पांढरा बूट, त्याची अजून न मळलेली नाडी, आणि बाहेर खाटेवर त्या बुटाची मालकीण जिवंत, शुद्धीवर, ऐकत असलेली. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू वाटून घेतात, हे समजण्यासारखे आहे. माणूस असताना त्याच्या बुटात पाय घालून माप पाहणे हे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले. दोघी वाईट बायका नाहीत. दोघींनी माझ्यासाठी पूर्वी बरेच केले आहे. पण 'वाया जाते' हा शब्द एकदा घरात शिरला की तो चांगल्या माणसांच्या तोंडालाही कसा लाळ आणतो, हे मी पाहिले.

"काढ तो," मी म्हटले.

तिने काढला. नाडी मात्र तशीच सुटी राहिली. ती मी बांधून ठेवली.

दोघी गेल्यावर आक्काने मला खाटेजवळ बोलावले. "बूट इकडं आण," ती म्हणाली. मी आणले. तिने ते उशीशेजारी ठेवायला लावले. मग गळ्याशी हात नेऊन काळ्या मण्यांच्या सरीत ओवलेला एक छोटा चांदीचा टाक तिने पदराबाहेर काढला.

वाचकांपैकी ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आक्काचे लग्न बिजवराशी झाले. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती. तिचा मुलगा म्हणजे आताच्या सुनेचा नवरा. बिजवराला दिलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक घालण्याची रीत आमच्याकडे होती, अजूनही काही घरांत आहे. सणाला नवे लुगडे आले की आधी ते पहिलीच्या नावाने टाकापुढे ठेवायचे, मग दुसरीने नेसायचे. नैवेद्याचे पान आधी पहिलीचे. सासू हाक मारताना चुकून पहिलीचे नाव घेई आणि आक्का "ओ" देई. लहान असताना मला त्या टाकावरचे ते बारीक उठावाचे बाईचे रूप फार सुंदर वाटत असे. मोठी झाल्यावर मी त्याकडे पाहणे सोडले. इतक्या वर्षांत आक्काने त्याविषयी एक शब्द काढला नव्हता, तक्रारीचा नाही आणि कौतुकाचाही नाही.

"ही बिचारी," ती टाक बोटांत फिरवत म्हणाली, "हिनं माझं कायबी वाकडं केलं नाय. उगाच बोलू नये. पण बाय, मी जल्मभर हिच्याच जागेवर बसले गो. हिची चूल, हिचा पोर, हिचा नवरा. मी कधी म्हटलं नाय ही जागा माझी. म्हणायचीच नसते." तिने टाक पुन्हा पदराआड सोडला. "त्या माणसानं कागदावर माझं नाव लिवलं ना त्या खिडकीला, ती एक जागा अशी होती का तिथं माझ्या आधी कोण बसलं नव्हतं. आता माझ्या मागून कोण बसायचं नाय. रिकामी जाऊ दे."

"शेळ्यांचे पैसे बुडतील, आक्का."

"बुडू दे. शेळ्या माझ्या होत्या."

मग मी म्हटले की मीही जात नाही, तुझ्याजवळ राहते. त्यावर ती खरोखर चिडली. "तू नाय गेलीस तर ती खिडकी कोण बघणार? तू जा. बाजूला बस. आनि मला फोनवर सांग काय काय दिसतं ते." आक्काजवळ थांबशील का, असे मी सुनेला विचारले. ती थांबली, रुसून, भांडी आपटत, पण थांबली. तेवढे तिच्या बाजूने लिहिणे आवश्यक आहे. वहिनीने मात्र फोन उचलणे बंद केले. तिने आणलेले शहाळे मी एव्हाना फोडले होते. आतून आंबलेले निघाले.

मी पुन्हा सहलवाल्याकडे गेले आणि सांगितले की तिसऱ्या रांगेतली खिडकी रिकामी जाईल, बदली प्रवासी नाही.

"रिकामी?" तो म्हणाला. "नुसती?"

"नुसती."

"पण बाई, त्यात तुमचा काय फायदा?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यास मी बांधील नव्हते. मी त्याला उलट प्रश्न विचारला: अनामत जप्त करता ती कशाबद्दल? तो म्हणाला, "सीट रिकामी जाते ना, त्याचीच भरपाई ती." मी म्हटले, म्हणजे ती जागा रिकामी जाणार, आणि तिची भरपाई तुमच्याकडे आधीच जमा आहे. बरोबर? "शंभर टक्के," तो म्हणाला. "एवढ्या उशिरा कोण मिळणार हाय आता? रिकामीच जायची." माझ्या समाधानासाठी मी त्याच्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतले. वर्गात उत्तर बरोबर आले तरी मी दुसऱ्यांदा म्हणायला लावत असे. त्याने दुसऱ्यांदाही तेच उत्तर दिले, हसून, आणि डबी माझ्याकडे सरकवली. मी बडीशेप घेतली नाही.

निघायच्या दिवशी सकाळी बस स्थानकाबाहेर लागली होती. टपावर सामान चढत होते, आचारी मागच्या दाराने कांद्याची पोती आत ढकलत होता. मी आत चढले. आसनांच्या पाठींवर प्रवाशांच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. तिसऱ्या रांगेत माझी चिठ्ठी जागेवर होती. खिडकीपाशी एक गृहस्थ बसले होते. चपला काढून पाय समोरच्या आसनाला लावलेले, मांडीवर रुमाल, रुमालावर वडापाव. त्यांच्या पाठीमागच्या चिठ्ठीचा अर्धा तुकडा आसनाला चिकटून राहिला होता. उरलेला अर्धा त्यांनी नखाने खरवडून त्याची गोळी केली होती, आणि बोलता बोलता ती गोळी अंगठा आणि तर्जनीत फिरवत होते. आक्काच्या नावाची पहिली दोन अक्षरे आसनावर होती. बाकीची त्यांच्या बोटांत.

मी खाली उतरून सहलवाल्याला गाठले.

"अहो बाई, शेवटच्या घडीला पार्टी आली," तो म्हणाला. "पोलादपूरची आहेत. नाय कसं म्हणणार?"

"तुम्ही दोनदा सांगितले होते की जागा रिकामी जाईल."

"तेव्हा जात होतीच की. आता नाय जात." त्याने आवाज खाली आणला. "हवं तर असं करू. आल्यावर आक्कांची अर्धी अनामत परत देतो. कोणाला बोलू नका. खूश?"

इथे मला कबूल केले पाहिजे की त्याचा प्रस्ताव व्यवहाराने वाईट नव्हता. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मला उमगले की आक्काने काय नाकारले आहे हे त्याला कधीही कळणार नाही, आणि समजावून सांगितले तर तो ते पुढच्या गिऱ्हाइकाला गंमत म्हणून सांगेल. शेळ्यांचे पैसे परत घेणे म्हणजे जागा विकली हे मान्य करणे. त्या पैशांना हात लावावा असे मला वाटेना.

"पैसे तुमच्याकडेच ठेवा," मी म्हटले. "त्या पैशांच्या बदल्यात ती खिडकी रिकामी जाणार आहे. आणि तुमचे पोलादपूरचे पाहुणे माझ्या जागेवर बसतील. माझे पूर्ण पैसे भरलेले आहेत. बदली प्रवासी देण्याचा नियम तुमचाच आहे, वर एक पैसा पडत नाही, असे तुम्हीच सांगितलेत. हे माझे बदली."

"मग तुम्ही कुठं बसणार?"

मी बसच्या शेवटच्या आडव्या बाकाकडे पाहिले. तिथे आचारी बसतो, आणि त्याच्याबरोबर कांदे, गॅसची शेगडी, आणि तेलाचे डबे.

"बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?" तो म्हणाला. हे त्याने मोठ्याने म्हटले, आणि ते ऐकून पुढच्या दोन-तीन खिडक्यांतून माणसे वाकून पाहू लागली. एवढी माणसे पाहत असल्यामुळेच त्याने शेवटी खांदे उडवले आणि वर चढून त्या गृहस्थांना उठायला सांगितले.

"ओ, मी पैसे भरलेत," गृहस्थ म्हणाले.

"भरलेत, खरे आहे," मी म्हटले. "म्हणून तुम्हाला जागा मिळते आहे. ही." माझ्या आसनाकडे मी हात केला.

"आणि खिडकी?"

"खिडकीचे पैसे दुसऱ्या कोणीतरी भरलेत."

ते कुरकुरत सरकले. सरकताना वडापावचा एक तुकडा आक्काच्या आसनावर पडला. मी तो उचलून खिडकीबाहेर टाकला आणि आसन रुमालाने पुसले. उरलेल्या अर्ध्या चिठ्ठीला हात लावला नाही.

मागच्या बाकावर आचाऱ्याने पोते बाजूला ओढून मला जागा करून दिली. "बाई, इथं कांद्याचा वास येईल हां," तो म्हणाला. "जयपूरपर्यंत. शेवटी शेवटी तर डोळ्यांतून पाणी येतं. लोकांना वाटतं मी रडतोय."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय, पगार मिळतो."

बस सुटली. महाडबाहेर पडतोय तोच फोन वाजला. आक्का होती.

"बसलीस गो?"

"बसले."

"माझी रिकामी हाय ना?"

"आहे," मी म्हटले. ते खरे होते, म्हणून सांगताना मला अडखळावे लागले नाही.

"आनि तू बाजूला?"

"मी जरा मागे बसले आहे. इथून तुझी जागा पूर्ण दिसते."

"मागं?" ती ओरडली. "मागं बसून तुला उलटी होते, ठाऊक नाय का तुला? पिशवीत आलं ठेवलंय, ते चघळ. वेडी कुठली." मग तिने सुनेला काहीतरी सांगितले, भांड्याचा आवाज आला, आणि फोन ठेवला गेला.

मी आले चघळत पुढे पाहत राहिले. माणगावच्या अलीकडे कुठेतरी गृहस्थांनी आधी आपली पिशवी खिडकीच्या आसनावर ठेवली, मग पिशवीवर कोपर, मग डोळे मिटले. मी उठले. बस हलत होती. प्रत्येक आसनाची पाठ धरत, लोकांच्या खांद्यांना हात लागू न देण्याची काळजी घेत मी तिसऱ्या रांगेपर्यंत गेले.

"तिथे सामान ठेवू नका."

त्यांनी एक डोळा उघडला. "पुढं कोणी चढणार आहे का इथं?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. पिशवी मांडीवर घ्या."